पाचशे वेढे आणि एक

बानाम्पुन्दुनं शेगडी पेटवायला उचललेला कागद जरा तिरका धरला आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आलं, एवढंच झालं. शनिवारची सकाळ होती. किट्वेच्या चिमवेमवे वस्तीतल्या त्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं, शेजारी कुणीतरी रेडिओ लावून अंगण झाडत होतं, आणि खाणीच्या मीटर-वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, सदुसष्ट वर्षांचा लोम्बे कबासो उंबऱ्यात बसून रताळी सोलत होता. ऊन कागदाच्या मागून आलं आणि पानावरचं चित्र उजळलं. त्यात तारेची एक उभी गुंडाळी होती. गुंडाळीखाली काहीतरी काळं, गोलसर होतं आणि त्या काळ्याच्या काठाला एक लहानशी खाच होती. लोम्बेचा सुरीचा हात थांबला. कागदाच्या कोपऱ्याला ज्योत लागलेली होती. तो उठला, कागद बायकोच्या हातातून ओढून घेतला आणि जळता कोपरा मुठीतच चुरगाळला. बोट भाजलं, पण ते त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

"तुम्हीच सांगितलंय खोट्यांच्या गठ्ठ्यातला घे म्हणून," बानाम्पुन्दु म्हणाली. "मी काही खऱ्यांना हात लावला नाही."

तिचं बरोबर होतं. तिचं बहुतेक वेळा बरोबरच असे. पहिली जुळी झाली तेव्हापासून या घरात नवरा-बायकोला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. जुळ्यांचा बाप म्हणून तो बाशिम्पुन्दु, ती बानाम्पुन्दु. जुळी मोठी होऊन लुसाकाला गेली, हाका मात्र राहिल्या. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पिठाच्या रिकाम्या गोण्यांवर कागदांचे तीन गठ्ठे राहिले: खरे, खोटे, आणि मधला, ज्याला बानाम्पुन्दु 'अजून शिजतंय' म्हणे. निवृत्तीनंतर माणसं कोंबड्या पाळतात, चर्चच्या कमिटीवर जातात. लोम्बेनं तारेच्या गुंडाळ्या करायला घेतल्या. नुसत्या गुंडाळ्या नव्हेत. ज्यांच्यावरून दुसऱ्या गुंडाळ्या तपासाव्यात अशा, इंडक्टन्सच्या प्रमाण गुंडाळ्या. वजनं तपासायला जसं एक खरं किलो लागतं तसं हे. खरं किलो विकत मिळतं, पण त्याला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात छप्पर बदलून होतं, म्हणून किट्वे आणि न्डोलामधले त्याच्यासारखेच दहा-बारा वेडे आपापल्या पडवीत बसून ते घरी करत. महिन्यातून एकदा चर्चच्या मागच्या खोलीत जमत. आणि कुठल्या लेखावर भरवसा ठेवून तार गुंडाळायची, कुठला लेख शेगडीत घालायचा, हे ठरवायला त्यांनी लोम्बेला नेमलं होतं, कारण त्याच्याइतकं शंकेखोर त्यांच्यात दुसरं कुणी नव्हतं.

या शंकेखोरपणाचा त्याला गर्व होता, हे मान्य केलंच पाहिजे. मुलगी फोनवर लेख पाठवायची, चौकातल्या दुकानात तो ते स्वस्तातल्या काळपट शाईत छापून घ्यायचा, आणि मग दुपारी आंब्याखाली बसून एकेका पानाची झडती. कुणी दशांशापुढे सहा आकडे लिहिले असले तर आधी त्याचं मीटर किती आकडे दाखवतं ते बघायचं. प्रत्येक आकड्याच्या शेवटी सात नाहीतर तीनच येत असले तर ओळखावं की हे मीटरमधून आलेले नाहीत, डोक्यातून आलेत. माणसाला थाप मारताना शून्य लिहायचा संकोच वाटतो. चित्रातल्या यंत्राच्या पाठीची तार कुठेच जोडलेली नसली तर हसायचं. ज्या लेखात काहीच बिघडलं नाही, तार तुटली नाही, उकाड्यानं आकडा सरकला नाही, त्या लेखातला माणूस गुंडाळीजवळ बसलेलाच नाही. खऱ्या लेखात कुठेतरी एक रुसवा असतो, एखादं वाक्य असतं की अमुक का झालं ते आम्हाला समजलेलं नाही. तसं वाक्य सापडलं की लोम्बेला फार बरं वाटे. दूरदेशीच्या, नावही उच्चारता न येणाऱ्या त्या माणसासमोर चहाचा कप सरकवावा असं वाटे. आणि पैसे भरले की अकरा दिवसांत छापून देणारी जी मासिकं होती, त्यांतल्या एकाच्या संपादक मंडळावर चार वर्षांपूर्वी वारलेले एक गृहस्थ अजून काम बघत होते, हे शोधून काढलं त्या दिवशी तो दिवसभर शीळ घालत फिरत होता.

आणि त्याच मासिकात, अकरा दिवसांत छापून आलेला, मसाउसो न्झिमाचा लेख तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या हातात पडला होता.

मसाउसो. वर्कशॉपमध्ये लोम्बेबरोबर बावीस वर्षं एका बाकावर. लोम्बे बेम्बा जमातीचा, मसाउसो न्गोनी, म्हणजे दोघांचं पिढीजात चेष्टेचं नातं. बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ, आणि रागवायचा अधिकार दोघांनाही नाही. लोम्बेच्या आईच्या मयतीला सगळे रडत असताना मसाउसो येऊन कबर खणणाऱ्यांना म्हणाला होता, जरा खोल खणा, हे बेम्बा लोक परत वर येतात जेवायला. आणि मग स्वतः तीन दिवस लाकडं फोडली, पाणी वाहिलं. त्या तीन दिवसांत आपण फक्त मसाउसोच्या बोलण्यावर हसलो हे लोम्बेला आठवे, आणि आई त्याबद्दल रागावली नसेल असं वाटे. बाकावर दोघांचं काम एकच होतं. खाणीतली मीटरं तपासायची, वायू मोजणारी, खाणीत उतरणाऱ्या पाळण्याचा वेग सांगणारी, आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर दोन सह्या. एक लोम्बेची, एक मसाउसोची. ती चिठ्ठी बघून माणसं खाली जात.

म्हणूनच तो लेख एवढा लागला. लेखात होती ती गुंडाळी लोम्बेला ठाऊक होती. तिची जुळी बहीण त्याच्याच घरात होती. वर्कशॉप बंद होताना भंगारात टाकलेली चिनी मातीची एक जाड नळी त्यांनी उचलली होती, कापून वीत-वीत उंचीचे दोन तुकडे केले होते, आणि गेल्या हिवाळ्यात याच पडवीत एकाच रिळाची तांब्याची तार दोन्हींवर चढवली होती. एकानं नळी फिरवायची, दुसऱ्यानं तार ताणून धरायची. दोघांनी मोजायचं, आणि मुद्दाम वेगवेगळ्या भाषांत, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या तोंडी लागू नये. शंभराला थांबून पडताळायचं. तार बोटांमधून सरकताना वॉर्निशचा किंचित गोडसर वास यायचा. अंगठ्याच्या पेराला एक गुळगुळीत चर पडला होता तो पुढे महिनाभर होता. पाचशे वेढे इकडे, पाचशे वेढे तिकडे. दोन्ही भाषांत पाचशे झाले तेव्हा मसाउसोनं सुस्कारा टाकून म्हटलं होतं की माकड खाऊनही माणसाला एवढं मोजता येतं हे त्याला आज कळलं. मग एक गुंडाळी मसाउसोबरोबर न्डोलाला गेली, एक इथे राहिली. लोम्बेच्या गुंडाळीचा इंडक्टन्स दहा पूर्णांक शून्य सहा मिलिहेन्री. मसाउसोनं आपली गुंडाळी तिकडच्या एका शाळेतल्या मीटरवर मोजली आणि लेखात छापली ती दहा पूर्णांक शून्य दोन. हजारात चाराचा फरक. बाहेरच्या माणसाला हे हसू येण्याइतकं लहान वाटेल, पण एका नळीच्या, एका तारेच्या, एका हाताच्या जुळ्यांत एवढा फरक पडत नाही.

त्याहून वाईट पुढे होतं. मसाउसोनं गुंडाळी दोन फ्रिक्वेन्सींना मोजली होती. शंभर हर्ट्झला आकडा मोठा, हजारला लहान. आत लोखंड नसलेली गुंडाळी असं करत नाही. फ्रिक्वेन्सी वाढली तर तिचा आकडा असला तर केसभर वर जातो, खाली येत नाही. हे मसाउसोला पहिल्या वर्षी शिकवलेलं. आणि प्रत्येक दिवशी तोच आकडा, शेवटच्या घरापर्यंत तोच. लोम्बेनं तो लेख तीनदा वाचला. मग पिवळ्या कार्डावर मत लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट बंद करून सभेचं काम बघणाऱ्या मुटिंटा हामूंगाकडे पाठवून दिलं, आणि लेख खोट्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. तेव्हापासून मसाउसोचा फोन आला की तो वाजू द्यायचा. वाजत असताना आंब्याच्या खोडाकडे बघत बसायचा. एकच विचार पुनःपुन्हा वर यायचा: जर याला आकडे पदरचे घालायची सवय असेल, तर ती कधीपासूनची? त्या बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या. माझ्या सहीशेजारची सही. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, एक बारीकसं कुसळ: थापच मारायची होती, तर मसाउसोनं ती पुस्तकाला धरून का नाही मारली? खोटं बोलणारा माणूस आकडा वर नेईल, कारण वर जायला हवा हे सगळ्यांना ठाऊक आहे. खाली नेऊन कुणाचं काय भलं होणार? पण शंकेखोर माणसाला आपल्या शंकेवर शंका घ्यायची सवय नसते. कुसळ टोचायचं आणि तो कूस बदलायचा.

आता तो कागद घेऊन अंगणात आला. उन्हात धरला. स्वस्तातल्या शाईमुळे चित्रात नुसता काळा डाग दिसायचा, गुंडाळीखाली काहीतरी बैठक आहे असं त्यानं धरून चाललं होतं. पण उन्हात बैठकीला काठ दिसत होता, आणि काठाला खाच. ती खाच त्यानं स्वतः पाडली होती, सत्तावीस वर्षांपूर्वी, गरम डाखणी चुकून तिथे टेकवून. तो मुक्वाच्या लाकडाचा वाडगा होता. वर्कशॉपमधला. वर्कशॉप बंद झालं त्या आठवड्यात नाहीसा झालेला, ज्याच्यावरून त्यानं दोन शिपायांवर मनातल्या मनात आळ घेतला होता. "उंदीरखाऊनं ढापला," तो मोठ्यानं म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला हसू आलं.

हसू तोंडावर असतानाच त्यानं कागद परत उन्हात धरला. तो वाडगा कशासाठी होता? त्यांचे फोरमन बा चिपोया, ठेंगणे, कायम पांढरा कोट, कामाला हात लावण्याआधी प्रत्येकासमोर तो वाडगा धरत. घड्याळ, अंगठी, किल्ल्या, कडं, जे काही धातूचं अंगावर असेल ते त्यात. मीटरजवळ धातू नको. हात रिकामे करा, मग बोला. बावीस वर्षं दिवसातून चारदा. लोम्बे अजूनही दात घासायच्या आधी घड्याळ काढतो. मसाउसोनंही शाळेत तेच केलं असणार; शाळेची टेबलं लोखंडी, गुंडाळी त्यांच्यापासून उचलून धरायला हवी, जवळ लाकडाची वस्तू म्हणजे वाडगा. चित्रात वाडग्यावर दोन फळकुटं आडवी टाकलेली दिसतच होती, त्यांवर गुंडाळी उभी. म्हणजे मसाउसोनं हात रिकामे केले. नियमाप्रमाणे. आणि हातातलं जे होतं ते वाडग्यात ठेवलं, नियमाप्रमाणे. आणि वाडग्यावर गुंडाळी ठेवली.

लोम्बेनं आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. निवृत्तीला खाणीनं दोघांनाही एकेक तांब्याचं कडं दिलं होतं, करंगळीएवढं जाड. तो घरात गेला. त्यानं स्वतः बांधलेलं मोजणीचं यंत्र काढलं, ज्यात आकडा दिसत नाही, ऐकू येतो. कानाला लावायचं, बारीक शिट्टीसारखा आवाज चालू असतो, चकती फिरवत न्यायची, आणि जिथे आवाज पूर्ण मिटतो तो आकडा. बायकोचा मक्याचा घट्ट नशिमा वाढायचा लाकडी वाडगा घेतला. वाडगा कुठे चाललाय हे तिनं नुसतं पाहिलं. गुंडाळी वाडग्यावर ठेवली. शांतता दहा पूर्णांक शून्य सहावर. मनगटातलं कडं काढून वाडग्यात टाकलं. कानाला लावलं. शांतता जागच्या जागी. तेच, शून्य सहा. त्यानं कडं हलवून पाहिलं, मधोमध ठेवलं, गुंडाळी आणखी खाली आणली. काही नाही.

तो तसाच कान झाकून बसून राहिला. बाहेर पाण्याच्या बादल्या भरल्याचे आवाज येत होते, ते त्याला दुसऱ्याच घरातले वाटले. म्हणजे मी एक गोष्ट रचली, आणि ती मला हवी होती म्हणून रचली, त्याला वाटलं. हाच तर खोट्या लेखाचा उगम असतो. माणसाला आकडा आधी हवा असतो. सभा दोन वाजता होती. पाकीट उघडणार, मत वाचलं जाणार. आपलं कडं वाडग्यातून काढून त्यानं परत मनगटात चढवायला घेतलं, दोन्ही टोकं फाकवून, आणि त्याचा हात तिथेच राहिला. टोकं. या कड्याला टोकं होती. दोन टोकांमध्ये बोटभर फट. मसाउसोच्या कड्याला फट नव्हती.

पाच वर्षांपूर्वी मसाउसो आजारी पडला होता, मनगटं काड्यांसारखी झाली होती. कडं सारखं गळून पडे. एकदा न्हाणीत पडलं, एकदा बसमध्ये, आणि बसमध्ये पडलं तेव्हा मसाउसो रडला, हे त्याच्या बायकोनं लोम्बेला सांगितलं. तेव्हा लोम्बे त्याला घरी घेऊन आला, याच पडवीत, कडं दाबून लहान केलं आणि टोकं एकमेकांना भिडवून चांदीचा डाख दिला. घासून इतकं साफ केलं की सांधा नखाला लागेना. त्या कामाचा त्याला किती दिवस अभिमान होता. मसाउसोनं डोळे मिटून बोट फिरवून सांधा शोधला, सापडला नाही, आणि म्हणाला, आता हे माझ्याबरोबर पुरा. मसाउसो बरा झाला, अंग भरलं, कडं निघायला कठीण झालं. साबण लावावा लागतो, त्याची बायको तक्रार करायची. आणि तरी मोजायच्या आधी तो साबण लावून ते काढत असणार. कारण हात रिकामे करायचे असतात.

बंद कडं म्हणजे तारेचा एक वेढाच. गुंडाळीच्या खाली, कुणी न मोजलेला, पाचशे एकावा. तो मधे बसून गुंडाळीचं थोडंसं खाऊन टाकणार, सावकाश फ्रिक्वेन्सीला कमी, जलद फ्रिक्वेन्सीला जास्त. शंभरला आकडा मोठा. हजारला लहान. आणि रोज तोच आकडा, कारण वाडगा तोच, कडं तेच, माणूस नियमाचा पक्का.

शेगडीत निखारे फुललेले होते, त्यावर रताळी होती. लोम्बेनं भांडं उतरवलं आणि आपल्या कड्याची टोकं दाबून एकमेकांना भिडवली. बानाम्पुन्दुनं आता मात्र विचारलं की हे काय चाललंय. तो म्हणाला, मसाउसो खरं बोलतोय. ती म्हणाली, ते मी तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं असतं, तुम्ही विचारलं असतं तर, आणि रताळी? रताळी थांबतील, तो म्हणाला. तिनं अंगावरचं फडकं कमरेला खोचलं आणि कडं धरायला पक्कड घेऊन समोर बसली. जुळी रांगत होती तेव्हा ती अशी समोर बसे, एकाला तो, एकाला ती. शेगडीला घातलेली हवा, निखाऱ्यांचा लाल रंग, चांदीचा डाख आधी गोळा होऊन मग एकदम पाण्यासारखा पसरतो तो क्षण. कडं बादलीत बुडवलं तेव्हा चर्र झालं आणि वाफ दोघांच्या तोंडावर आली. मग ते पुसून वाडग्यात, वाडग्यावर फळकुटं, फळकुटांवर गुंडाळी. कानाला लावलं. जिथे शांतता असायची तिथे आता शिट्टी होती. त्यानं चकती फिरवली, एवढ्या हळू की हात फिरतोय की नाही तेही कळेना. शून्य पाच. शून्य चार. शिट्टी बारीक होत गेली. शून्य दोनवर ती मिटली.

आयुष्यात त्यानं पुष्कळ शांतता ऐकली होती, अशी ऐकली नव्हती. तिच्यात मसाउसो बसलेला होता, साबणानं माखलेलं मनगट घेऊन, पुनःपुन्हा तोच उलटा आकडा लिहीत, तो का उलटा आहे हे न कळून, आणि तरी लिहीत. बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या एकेक करून परत जागेवर जाऊन चिकटल्या. लोम्बेनं कानावरचं काढून बायकोच्या कानाला लावलं. तिला अर्थातच काही ऐकू आलं नाही. "काहीच वाजत नाहीये," ती म्हणाली, आणि तो एवढा हसला की डोळ्यांना पाणी आलं, आणि तीही हसायला लागली, त्याच्याकडे बघून.

रताळी न खाता तो निघाला. मिनीबसमध्ये गुंडाळी मांडीवर, बंद झालेलं कडं खिशात. मनगटात ते आता चढत नव्हतं. जागा नसल्यानं शेजारच्या बाईनं टोमॅटोची टोपली त्याच्या पायावर ठेवली आणि त्यानं तिला नको इतक्या आनंदानं ठेवा ठेवा म्हटलं. लेख परत चाळला. जळलेल्या कोपऱ्याच्या वर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एक वाक्य होतं. ते त्यानं तीनदा वाचून सोडून दिलं होतं, कारण तोपर्यंत त्याचं मत झालेलं होतं. हजार फ्रिक्वेन्सीला मूल्य घटते. याचे कारण लेखकास समजलेले नाही. रुसव्याचं वाक्य. नाव माहीत नसलेल्या माणसाला त्यासाठी तो चहा देत होता, आणि मित्राच्या कागदावर त्याला ते दिसलं नव्हतं. जीभ चावावी तसं त्यानं खिशातलं कडं दाबलं.

चर्चच्या मागच्या खोलीत सगळे येऊन बसले होते. मसाउसो खिडकीपाशी होता, नव्या शर्टात, समोर शाळेचं मीटर आणि गुंडाळी, गुंडाळीखाली वाडगा. लोम्बे आत आला तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि परत मीटरकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं, साबणाची पांढरी रेघ कोपराकडे सुकलेली. मुटिंटाच्या हातात पाकीट होतं. शाळेत मुख्याध्यापिका होती ती, अजून आवाज तसाच होता. लोम्बेनं पाकीट परत मागितलं. ती म्हणाली, बा लोम्बे, दिलेलं मत परत घेता येत नाही, नियम तुम्हीच केलाय. हवं तर स्वतः उभं राहून वाचा. हा नियम केला तेव्हा आपण किती शहाणे होतो असं त्याला वाटलं. तो उभा राहिला आणि वाचलं.

"या लेखावरून कुणी काही बांधू नये. आकडे मोजलेले नाहीत, पदरचे आहेत."

मसाउसोनं दोन्ही हात मांडीवर घेतले. लोम्बेनं कार्ड दुमडून खिशात घातलं, कड्याशेजारी.

"हे मी लिहिलं तेव्हा आकडे बघितले, वाडगा बघितला नाही," तो म्हणाला. "लेख चुकलाय. पण त्यात खोटं एक अक्षर नाही. आणि जी चूक आहे ती माझ्या हातची आहे, मीच डाख दिलाय तिला."

मग त्यानं वाडग्यात बोट दाखवलं. मसाउसो वाकला. फळकुटांमधून त्यानं आत पाहिलं, आपल्या कड्याकडे, बराच वेळ. त्याच्या मानेवरची शीर हलताना लोम्बेला दिसत होती. मसाउसो वर आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की लोम्बेला एकदम बा चिपोयांचा पांढरा कोट आठवला, का ते त्याला सांगता आलं नसतं.

"माकडं खाऊन एवढी अक्कल येते होय," मसाउसो म्हणाला. "तीन आठवडे फोन का नाही उचललास?"

"लाज वाटत होती."

"कुणाची?"

"तेव्हा तुझी. आता माझी."

मसाउसोनं मान डोलावली, जणू एक माप बरोबर आलं. मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, फक्त लोम्बेला ऐकू जाईल असा बोलला. "चाळीस वेळा मोजला. चाळीसही वेळा उलटा. एका रात्री बायकोला म्हटलं, उलटवून लिहितो, सरळ दिसेल, कुणाला कळणार."

"मग?"

"मग म्हटलं, लोम्बे वाचेल."

लोम्बे पुढे झाला, गुंडाळी उचलून फळकुटांसकट दोन लाकडी खोक्यांवर टेकवली आणि वाडगा काढून हातात घेतला. कडं आत खुळखुळलं. खाचेवर त्याचा अंगठा आपोआप गेला. मी हा घेऊन मागे जातो, तू आकडा वाच, तो म्हणाला. मसाउसो मीटरशी वाकला. एक पाऊल. "शून्य तीन," मसाउसो म्हणाला. आणखी एक. "शून्य पाच." खोलीतले दहाही जण माना ताणून बघत होते, मुटिंटा खुर्चीवरून उठली होती. तिसऱ्या पावलाला मसाउसो मीटरवर आणखी वाकला. "शून्य सहा. लोम्बे, शून्य सहा."

इथे थांबायला हरकत नव्हती. तीन पावलांच्या पुढे कड्याचा काहीएक संबंध उरत नाही, हे लोम्बेला कुणी शिकवायला नको होतं. पण तो वाडगा दोन्ही हातांत धरून तसाच मागे मागे दारातून बाहेर पडला, उन्हात आला, आणि तिथून ओरडून विचारलं, आता? आतून उत्तर आलं, शून्य सहा. चर्चची हिरवळ ओलांडली. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात तिथे एक बाई लग्नाच्या खुर्च्या पुसत होती, ती बघत राहिली. आता? शून्य सहा, माकडखाऊ, शून्य सहा. आवाज लहान होत चालला होता, आकडा होता तेवढाच होता. लोम्बे फाटकापर्यंत गेला, फाटक उघडून रस्त्यावर आला, आणि तिथूनही त्यानं एकदा विचारलं.